‘थेट गिरणीतून’ या मताची झडती

वऱ्हाडात कपड्यांचा छोटा ब्रँड काढायचा म्हटले की सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो, आणि सगळ्यांचा सल्ला एकच असतो. आपण कापसाच्या मुलखातले, त्यामुळे कापड आपल्याला स्वस्तच पडले पाहिजे. पडत नसेल तर त्याला कारण मधला व्यापारी. त्याला वगळा, गिरणी गाठा, ते जमत नसेल तर निदान सुरत गाठा, आणि मीटरमागे वीस रुपये वाचवा.

किन्हीराजासारख्या गावात हे मत अलीकडे फार ठाम झाले आहे. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले हे गाव नागपूर-मुंबईच्या जुन्या रस्त्यावरचे, त्यामुळे ट्रक आणि ट्रान्सपोर्ट त्याला नवे नाहीत. त्यात ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी महामार्ग पार मुंबईजवळच्या आमणेपर्यंत पोहोचला. सुरतचा माल फोनवर दिसतो, पैसे फोनवरून जातात, गठडी दारात येते. चार शिलाई मशिनी, एक चांगला कटिंग मास्तर आणि विक्रीसाठी फोन, एवढ्यावर किन्हीराजात बसून कुर्त्यांचा ब्रँड चालवता येतो याबद्दल मला शंका नाही. (एक सावधगिरी मात्र बाळगावी. कापडबाजारात ‘मालेगावहून बोलतो’ म्हटले की समोरचा आपल्याला नाशिक जिल्ह्यातल्या यंत्रमागांच्या मालेगावचा जाणकार समजतो आणि त्याच भाषेत बोलू लागतो. वाशीमचे नाव आधी घ्यावे.)

शंका आहे ती सल्ल्याबद्दल. त्यात दोन विधाने एकमेकांत मिसळली आहेत. पहिले, कापूस जिथे पिकतो तिथे कापड स्वस्त असते. दुसरे, मधला व्यापारी काही काम न करता पैसे खातो. दोन्ही विधाने मला चुकीची वाटतात. त्यांची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून दोन्ही वेगवेगळी तपासायला हवीत.

आधी कापसाचे पाहू. हिंदुस्थानातला पहिला नियंत्रित बाजार कोणता, असे विचारले तर शेतीच्या अर्थशास्त्राची पुस्तके एका गावाचे नाव देतात, आणि ते गाव आपल्याच जिल्ह्यातले आहे: कारंजा लाड. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने तिथला कापूस बाजार नियमांखाली आला, आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. आपण हे अभिमानाने सांगतो, पण बाजाराला शिस्त कशासाठी लावली हे सांगत नाही. लँकेशायरच्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस रास्त भावात आणि नियमित मिळावा, हा तिचा मुख्य हेतू होता. त्याआधी १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली होती. १८७० मध्ये खामगावची रेल्वे शाखा उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. लिव्हरपूलच्या बाजारात आपला कापूस अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई. पुढे मूर्तिजापूरहून कारंज्यामार्गे यवतमाळला गेलेली नॅरोगेज लाइनही कापसासाठीच टाकली होती. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीपासून या प्रदेशाची सगळी वाहतूक, बाजार आणि नियम एकाच दिशेने आखलेले आहेत. कापूस इथून निघावा आणि कापड बाहेरून यावे.

हे आपोआप घडले असेही नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस आयुक्त रिव्हेट-कारनॅक यांनी १८६० च्या दशकाअखेरीच्या अहवालात आपली अपेक्षा उघड लिहून ठेवली होती. रेल्वे आली की विलायती कापड इथल्या हातमागाच्या कापडापेक्षा स्वस्त पडेल, म्हणजे सूत कातणारी आणि विणणारी माणसे शेतमजुरीला मोकळी होतील आणि बाहेर पाठवायला कापूसही जास्त उरेल. हे वाचल्यावर ‘कापूस आमचा, मग कापड महाग कसे’ या प्रश्नाचे उत्तर निम्मे तरी मिळते. कापूस आणि कापड यांची ताटातूट धोरण म्हणून झाली, आणि त्या काळी गावातल्या कापड व्यापाऱ्याला त्यात काही बोलायला जागाही नव्हती.

मध्यंतरी ताटातूट मिटेल असे वाटण्याचा एक काळ येऊन गेला. १ जानेवारी १८७७ रोजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. मग हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अचलपूर, अकोल्याची सावतराम मिल. विदर्भात कापूस ते कापड अशी साखळी एकेकाळी खरोखर होती. या गिरण्या एकामागून एक थंडावल्या. एम्प्रेसच्या जागेवर आज मॉल आहे, आणि अचलपूरच्या फिनले मिलचे माग २०२० च्या टाळेबंदीत थांबले ते पुन्हा नीट फिरलेच नाहीत. २० सप्टेंबर २०२४ रोजी अमरावतीच्या नियोजित पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. त्यातून काही निघेल तेव्हा निघेल. आणि वाशीम जिल्ह्यापुरते बोलायचे तर आता ‘कापसाचा जिल्हा’ हे बिरुदही सैल झाले आहे. इथे खरिपात डोळ्यांना दिसतो तो सोयाबीन.

उरलेला कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, १७० किलोची गाठ बांधली जाते आणि ती गाठ सूतगिरणीला विकली जाते. ती गिरणी गुजरातेतली असेल, तामिळनाडूतली असेल किंवा आपल्याच राज्यातली असेल. तिथे अनेक गावांच्या गाठी एकत्र करून सूत काढतात, कारण सुताचा एकसारखेपणा त्या मिसळणीवरच अवलंबून असतो. सूत इचलकरंजी, भिवंडी किंवा इरोडच्या मागावर जाते, कोरे कापड होते, मग अहमदाबाद किंवा बालोतऱ्याच्या प्रोसेस हाउसमध्ये धुऊन, रंगून, छापून निघते. या वाटेवर कापसाची किंमत एकूण किमतीचा एक भाग राहते, आणि शेताची जवळीक त्यात एक पैसाही कमी करत नाही. किन्हीराजाच्या शेतातला धागा किन्हीराजाच्या कुर्त्यात यावा ही इच्छा चांगली आहे, पण तिला खरेदीचे धोरण म्हणता येत नाही.

याला एक सन्माननीय अपवाद आहे आणि तो जवळच आहे. वर्धा. विनोबांच्या ग्राम सेवा मंडळाने गोपुरीत आणि मगन संग्रहालयाने (१९३८ मध्ये त्याचे उद्घाटन गांधीजींनी केले) कापूस ते कापड ही साखळी छोट्या प्रमाणावर जिवंत ठेवली आहे. ज्याला आपल्या लेबलवर ‘विदर्भाचा कापूस’ खरेपणाने लिहायचे आहे, त्याने तिथे जावे, आणि पैसे जास्त द्यायची तयारी ठेवून जावे. हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या कापडाची मजुरी मीटरमागे जास्तच बसणार. यंत्रमागाच्या जाडसर कापडावर ‘खादी’ लिहून तोच भाव लावण्याचा मोह काहींना होतो. त्यांनी लक्षात ठेवावे की २०१३ च्या खादी मार्क नियमांनुसार खादी ग्रामोद्योग आयोगाच्या प्रमाणपत्राशिवाय ते नाव वापरता येत नाही. आयोगाने या प्रश्नावर फॅबइंडियासारख्या मोठ्या कंपनीलाही कोर्टात खेचले आहे, तिथे आपली काय कथा. आणि हेही पाहावे की वर्ध्याची संस्था स्वतः काय करते: कापूस घेते, पेळू देते, सूत परत घेते, विणकराला मजुरी देते, कापड साठवते आणि ग्राहकाला दहा-वीस मीटर फाडून देते. हे मधल्या माणसाचेच काम आहे. ती ते नफ्याच्या हेतूने करत नाही, इतकाच फरक.

आता दुसरे विधान, मधल्या व्यापाऱ्याचे. त्यासाठी माग कसा चालतो ते पाहावे लागते, कारण ‘थेट मागावरून’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी माग पाहिलेला नसतो.

इचलकरंजी घेऊ. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला, संस्थानचे अधिपती नारायणराव घोरपडे यांच्या पाठबळावर, आणि पुढच्या शंभर वर्षांत गावाचे नावच कापडाशी एकरूप झाले. तिथल्या यंत्रमागधारकांचा एक मोठा वर्ग ‘खर्चीवाला’ म्हणून ओळखला जातो. सूत व्यापाऱ्याचे, बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) व्यापाऱ्याची. खर्चीवाला फक्त विणून देतो आणि मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या हिशेबाने घेतो. त्याच्या शेडमध्ये गुंडाळलेले कापड त्याचे नसतेच. किन्हीराजाहून निघून आपण त्याच्या दारात उभे राहिलो आणि म्हणालो, ‘भाऊ, थेट तुमच्याकडून पाचशे मीटर घेतो’, तर तो चहा पाजेल आणि व्यापाऱ्याचा नंबर देईल.

सुरतची गोष्ट याहून गमतीची आहे. तिथे विणणारा कोरे कापड विकतो, ते व्यापारी घेतो, प्रोसेस हाउसला मीटरमागे मजुरी देऊन रंगवून-छापून घेतो आणि रिंग रोडच्या मार्केटमधल्या गाळ्यातून विकतो. त्याच्याकडे ना माग असतो ना रंगाई. फोनवर मात्र त्याच्या नावाखाली ‘उत्पादक’ असे लिहिलेले असते. म्हणजे अकोल्याच्या कापड बाजारातला व्यापारी टाळून आपण सुरतला थेट गेलो असे जेव्हा म्हणतो, तेव्हा बहुधा आपण एक मधला माणूस सोडून दुसरा धरलेला असतो. फरक इतकाच की पहिल्याच्या दुकानात जाऊन कापडाला हात लावता येत होता, भांडता येत होता. दुसऱ्याचा फक्त फोटो आहे, आणि माल आल्यावर त्याचा फोन लागेलच असे नाही.

समजा खरा उत्पादक भेटला, सूतही त्याचे आणि मागही त्याचा. तो पाचशे मीटर का विणत नाही, हा त्याचा अडेलपणा नव्हे. कुर्त्यासाठी सर्रास वापरतात ते साठ काउंटचे कॅम्ब्रिक घ्या, इंचाला ताणा ९२ आणि बाणा ८८. मिनिटाला दीडशे फेऱ्या मारणारा साधा माग चोवीस तास चालला आणि ऐंशी टक्के वेळ सुरळीत राहिला, तर दिवसाला सुमारे ५० मीटर कापड उतरते. पण बीम भरताना ताणा शेकडो मीटर लांब घ्यावा लागतो, पुष्कळदा हजारावर, कारण खळ चढवणे, हजारो टोके ओवणे, माग लावणे यांचा खर्च बीम लहान केल्याने लहान होत नाही. रंगाईचेही तसेच. कढईत पाणी, वाफ, रंग, मजूर लागतात ते दोनशे मीटरला जवळपास तेवढेच आणि दोन हजार मीटरलाही. म्हणून गिरणीचा किंवा प्रोसेस हाउसचा किमान आकडा असतो, आणि तो छोट्या ब्रँडच्या वर्षभराच्या गरजेएवढा असतो.

तो आकडा आणि आपली गरज यांच्यामधली खाई कुणीतरी भरावीच लागते. तिथे ठोक व्यापारी उभा असतो. तो दोन हजार मीटर आपल्या पैशाने घेतो, थान करून ठेवतो आणि आपल्याला पंचवीस-पन्नास मीटर देतो. त्याच्या कपाटात एकाच कापडाच्या वीस छटा असतात. त्यातल्या सहा वर्षभर पडून राहणार हे त्याला ठाऊक असते, आणि त्यांचा तोटा तो उरलेल्या चौदांवर पसरतो. त्या सहा कोणत्या, हे आपल्याला आधी कळले असते तर आपल्याला त्याची गरज नव्हती. पण ते कुणालाच कळत नाही. तो जो वीस रुपयांचा फरक खातो, तो या न कळण्याचा भाव आहे.

इथे हिशेबच मांडतो. आकडे उदाहरणाचे आहेत, पण प्रमाण बाजाराशी फारसे फटकून नाही. समजा ब्रँड दर तीन महिन्यांना २०० कुर्ते शिवतो. ४४ इंची पन्ह्यात कुर्त्याला अडीच मीटर धरा, म्हणजे एका फेरीला ५०० मीटर, वर्षाला २,०००. व्यापाऱ्याचा भाव मीटरला ११० रुपये, थेट खरेदीचा ९०, पण दोन हजार मीटर एकदम घ्यावे लागतात. वर्षाची बचत दिसते ४०,००० रुपये, आणि सल्ला देणारा इथेच थांबतो. पुढचे असे. पहिल्या तिमाहीत दीड हजार मीटर जास्तीचे पडून राहते, दुसऱ्यात एक हजार, तिसऱ्यात पाचशे. ९० रुपयांच्या भावाने त्यात अडकलेल्या पैशावर शेकडा दोनचे मासिक व्याज धरले, आणि गावात विनातारण पैसा याहून स्वस्त क्वचितच मिळतो, तर वर्षाचे व्याज १६,२०० होते. चारही फेऱ्या त्याच कापडात विकल्या गेल्या तर थेट घेणारा २३,८०० रुपयांनी पुढे राहतो. हे मान्य करायलाच हवे. पण चौथी फेरी अडली, लोकांना तो रंग नको झाला आणि शेवटचे ५०० मीटर निम्म्या किमतीत काढावे लागले, तर? तीन फेऱ्यांवरची बचत ३०,०००. त्यातून व्याज १६,२०० आणि पडक्या मालाचा तोटा २२,५०० वजा करा. ८,७०० रुपये अंगावर येतात. चारांत एक अंदाज चुकला की ‘स्वस्त’ कापड महाग झाले.

कपड्यांच्या धंद्यात चारांत एकच अंदाज चुकणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजू कुर्त्यावर मांडली तर मीटरमागचे वीस रुपये म्हणजे कुर्त्यामागे पन्नास. बाराशे रुपयांना विकल्या जाणाऱ्या कुर्त्यात हे चार टक्के झाले. चार टक्क्यांसाठी छोट्या ब्रँडने आपले सगळे भांडवल एका रंगात गुंतवावे का, याचा विचार सल्ला देणाऱ्याने करायचा नसतो, कारण भांडवल त्याचे नसते. आणि व्यापाऱ्याची उधारी अजून हिशेबात धरलेलीच नाही. ओळख झाली की तो महिनाभर पैशासाठी थांबतो, न फाडलेले थान बदलून देतो. अकोला-वाशीमकडचा दुकानदार ज्या सहजतेने म्हणतो, ‘न्या तं खरं ताई, नाई खपलं तं वापस आनजा’, त्या वाक्याची किंमत कुठल्याच दरपत्रकात लिहिलेली नसते.

पूर्वपक्षाचा सर्वांत जोरकस मुद्दा अजून बाकी आहे: व्यापारी फसवतो. कापूस विकायला गाडी घेऊन गेलेल्या शेतकऱ्याच्या घरात कटती, हमाली, तोलाई यांच्या कहाण्या पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात, आणि मधल्या माणसाविषयीची चीड तिथून आली आहे. ती खोटी नाही. कापडातही फसवणूक होते. थानावर वीस मीटर लिहिलेले असते आणि साडेएकोणीस भरते. ४४ चा पन्हा काठ सोडला तर ४२ निघतो. ‘प्युअर कॉटन’मध्ये पॉलिएस्टर निघते. पक्का म्हणून दिलेला रंग पहिल्याच धुण्यात बादलीत उतरतो.

पण फसवणुकीवर मधला माणूस काढून टाकणे हा उपाय असता, तर महाराष्ट्राने तो कापसात करून पाहिलाच आहे. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. व्यापारी बाद, खरेदी फक्त सरकारच्या वतीने. हेतू चांगला होता, आणि काही वर्षे शेतकऱ्याला आधारही मिळाला. पण व्यापारी जी कामे करत होता ती तशीच शिल्लक राहिली: प्रत ठरवणे, साठवणे, लगेच पैसे देणे, भाव पडला तर झळ सोसणे. ही कामे सरकारी यंत्रणेकडे आली, चुकारे लांबले, तोटे साचले, आणि शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस रातोरात सीमा ओलांडू लागला. २००२ च्या सुमारास एकाधिकार मोडीत निघाला. योजनेचे दोष तपशिलाने मोजणारे मोजोत. माझ्या मुद्द्यापुरते एवढे पुरे की काम नाहीसे न करता माणूस नाहीसा केला, की ते काम कुणाच्या तरी डोक्यावर येऊन बसते. छोट्या ब्रँडच्या बाबतीत ते डोके मालकिणीचे असते. ती आधीच डिझाइन, शिलाई, विक्री आणि कुरिअर सांभाळत असते.

फसवणुकीवर खरा उपाय कापड ओळखणे हाच आहे, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. दहा सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर ठेवावा. जितके ग्रॅम येतील त्याला शंभराने गुणले की चौरस मीटरचे वजन, बाजार ज्याला जीएसएम म्हणतो. वर सांगितलेले कॅम्ब्रिक सत्तर-पंचाहत्तरच्या आसपास यायला हवे. तोच तुकडा धुऊन, वाळवून पुन्हा तोलावा. पंचाहत्तरचे पासष्ट झाले तर आपण कापडाच्या भावाने दहा ग्रॅम खळ घेत होतो. धाग्याची दोन टोके पेटवून पाहावीत: सूत कागदासारखे जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी धरते. अर्धा मीटर चौकोन आखून कापड धुवावे. बाजू जितके सेंटिमीटर आटेल त्याच्या दुप्पट टक्के आटणे समजावे, आणि चार-पाच टक्के आटणारे कापड न धुता कापले तर मोठ्या मापाचा कुर्ता ग्राहकाच्या घरी जाऊन मध्यम होतो. ओल्या पांढऱ्या रुमालाने रंग घासून पाहावा. आणि एका फेरीचे सगळे कापड एकाच लॉटमधले मागावे, कारण त्याच रंगाच्या दुसऱ्या लॉटची छटा हटकून हलते आणि मग बाही एक सांगते, पाठ दुसरे.

यातल्या काही तपासण्या दुकानात उभे राहून करता येतात, काही नमुन्याचा तुकडा घरी नेऊन. फोटोवरून एकही करता येत नाही. म्हणून व्यापारी फसवतो या मुद्द्याने ‘थेट सुरतहून’ हे मत बळकट होत नाही, उलट ढासळते.

इतके खंडन झाल्यावर माझे म्हणणे सांगणे भाग आहे. किन्हीराजातल्या नव्या ब्रँडने पहिली दोन वर्षे अमरावती, अकोला, नागपूर याच त्रिकोणात राहावे. नांदगाव पेठजवळच्या बिझिलँड, सिटीलँडसारख्या घाऊक संकुलांत आणि नागपूरच्या गांधीबागेत जो माल मिळत नाही, तो छोट्या ब्रँडला क्वचितच लागतो. तिथे दहा दुकाने फिरावीत आणि मग दोनच धरावीत. दर वेळी रुपया-दोन रुपयांसाठी दुकान बदलणाऱ्याला उधारीही मिळत नाही आणि मागचा लॉटही कुणी बाजूला काढून ठेवत नाही. रोख देता आले तर वटाव, म्हणजे रोखीची सूट मागावी, ती मिळते. पुष्कळांना हा शब्दच ठाऊक नसतो म्हणून ते मागत नाहीत. मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटात एकदा जाऊन यावे, १८७४ पासूनचा तो बाजार पाहिला की कापडाची भाषा कानावर पडते. खरेदी तिथेच करायला हवी असे नाही.

दुसरे, पोत एकच धरावा. नवे ब्रँड पहिल्याच वर्षी लिनन, मलमल, चंदेरी, रेयॉन असे सगळे घेतात आणि प्रत्येकाचे तीस-तीस मीटर उरवतात. एक पांढरे कॅम्ब्रिक किंवा एक चांगले पॉपलिन निवडून वेगळेपणा कापणीत, भरतकामात, हातछपाईत आणावा. उरलेले पांढरे कापड पुढच्या फेरीत रंगवता येते. उरलेले छापील कापड फक्त पिशव्यांना उपयोगी पडते. निर्यातीचे उरलेले तागे स्वस्तात मिळतात त्यांचाही मोह आवरावा. माल उत्तम असतो, पण तो पुन्हा मिळत नाही, आणि ज्या कुर्त्याला मागणी आली तोच पुन्हा शिवता येत नाही यासारखे दुखणे नाही.

थेट जाण्याची वेळ कधी येते? तेच कापड चौथ्या-पाचव्यांदा घेतले, दर वेळी ते संपले आणि वर्षाची गरज एका बिमेएवढी झाली, की. तेव्हासुद्धा इचलकरंजीला दलालामार्फत जावे. शेकडा एक-दोन दलाली घेऊन तो सांगतो कोणाचा माल सरळ आणि कोणाचा तिरका, आणि वाद झाला तर मध्ये उभा राहतो. मग कोरे कापड आपले, रंगाई मजुरीने, आणि मीटरमागची बचत खरी.

त्या पायरीवर कराचे गणितही बदलते. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसेल तर कापडावर भरलेला पाच टक्के कर परत मिळत नाही आणि परराज्यात विक्री करता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्याला पाच टक्के आणि त्याहून महाग कपड्याला अठरा टक्के असा दर आहे, तेव्हा भारी कुर्त्याची किंमत ठरवताना २,५०० ची रेघ डोळ्यांपुढे ठेवावी. आणखी एक बारकावा ‘थेट’वाल्यांना सहसा माहीत नसतो. आयकर कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर होऊन देणे वर्ष संपल्यावरही बाकी राहिले, तर ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरली जात नाही. हा नियम व्यापाऱ्याच्या देण्याला लागू नाही. म्हणजे उधारीची लवचीकता कायद्यानेच मधल्या माणसाकडे ठेवली आहे.

राहता राहिला अलीकडे वरचेवर ऐकू येणारा एक तोडगा. अकोला, वाशीम, यवतमाळमधल्या चार-पाच छोट्या ब्रँडनी एकत्र यावे, मिळून दोन हजार मीटर थेट घ्यावे आणि वाटून घ्यावे. बचत गटांच्या जिल्ह्यात ही कल्पना सुचणे साहजिक आहे आणि मला ती आवडतेही. ती चालवायची तर कुणीतरी एकीने सगळ्यांच्या आधी पैसे घालावे लागतील, गठडी आपल्या घरी उतरवून घ्यावी लागेल, थाने मोजावी लागतील, डागी मीटर कुणाच्या वाट्याला जाणार ते ठरवावे लागेल, एकीचे पैसे येईपर्यंत थांबावे लागेल आणि ऐनवेळी माघार घेणारीचा निळा रंग सांभाळावा लागेल. या कामाचे तिला मीटरमागे किती द्यायचे, हे गठडी मागवण्याआधी ठरवून घ्या.